शेवटून हजेरी घेणाऱ्या बाई

चाकणजवळ महाळुंग्याच्या आमच्या हायस्कुलात मी लिपिक. शाळेतल्या लिपिकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. तो कुणाचा भाऊ असो वा नसो, आणि साहेब तर तो कधीच नसतो. जूनमध्ये सगळ्या तुकड्यांचे हजेरीपट मी स्वतः लिहितो. आडनावाच्या क्रमानं, निळ्या शाईत, एकही खाडाखोड न करता. जुलै उजाडला की या कष्टांची माती व्हायला लागते. शाळेच्या चहूबाजूंनी कंपन्या. बापाचं कंत्राट संपलं की बिऱ्हाड उठतं, दुसऱ्याचं लागलं की नवं बिऱ्हाड येतं. गेलेल्या पोराच्या नावावर लाल रेघ मारून 'दाखला नेला' लिहायचं आणि आलेल्याचं नाव पटाच्या तळाला जोडायचं. मग आडनाव 'अ'नं सुरू होत असलं तरी पोराचा नंबर लागतो अडुसष्ट. दिवाळीनंतर ब तुकडीचा पट उघडावासा वाटत नाही, इतक्या लाल रेघा असतात.

बिराजदार बाईंचं आणि माझं पहिलं भांडण या पटावरूनच झालं. त्या विज्ञान शिकवायच्या. नववीची ब तुकडी घ्यायच्या आणि तीच दहावीपर्यंत न्यायच्या. आल्या त्या वर्षी एकदा मी सूचनावही घेऊन त्यांच्या वर्गाशी गेलो, तर बाई हजेरी शेवटून घेत होत्या. एकाहत्तर, सत्तर, एकोणसत्तर. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि असं चालत नाही म्हणून सांगितलं.

"का चालत नाही?"

"बाई, पट वरून खाली वाचायचा असतो."

"कोणत्या नियमात लिहिलंय?"

मी दोन दिवस नियमावली चाळली. कुठंच लिहिलेलं नव्हतं. तसं मी जाऊन सांगितलं, तेव्हा बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "भाऊसाहेब, उशिरा आलेल्या लेकराला सगळेच शेवटी उभं करतेत. टँकरला शेवटी, रेशनला शेवटी. माझ्या वर्गात तरी त्याचं नाव आधी येऊ द्या की."

बाई उदगीरकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आलेल्या. बुटक्या, चालायला झपाझप, पदर कमरेला खोचलेला. खांद्याच्या पिशवीत डबा, खडू आणि एक पेचकस. हा पेचकस त्या कशालाही लावायच्या. शाळेची घंटा, मुख्याध्यापकांचा पंखा, एकदा तर माझ्या टेबलाचा न उघडणारा खण. त्या खणात दोन वर्षांपूर्वी हरवलेली आवक नोंदवही सापडली आणि मी तोंडघशी पडलो. पण बाईंनी ही गोष्ट शिक्षकखोलीत कधी काढली नाही. तेव्हापासून मी त्यांच्या बाजूचा झालो. त्यांच्याशी भांडायचं मात्र सोडलं नाही.

वर्गात त्यांची एक पद्धत होती. उत्तर बरोबर आलं की म्हणायच्या, "बरोबर. बस खाली." चुकलं तर शिक्षा नाही, ओरडणं नाही. "चूक. उभी राहा अन् आणखी विचार कर." त्यामुळे त्यांच्या तासाला अर्धा वर्ग उभा असायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई फार कडक. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलंही, "ही एवढी पोरं का उभी केलीत?" बाई म्हणाल्या, "विचार करायलेत सर."

वर्गात मागच्या भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा होता. नवं पोर आलं की बाई आधी त्याला गाव विचारायच्या, मग तालुका, मग गावाला नदी कोणती. मग डबीतली एक टाचणी त्याच्या हातात द्यायच्या आणि पोरानं ती आपल्या गावावर टोचायची. पोर दाखला घेऊन गेलं तरी टाचणी काढायची नाही. नकाशाची परभणी, हिंगोली, बीड अशी सगळी बाजू टाचण्यांनी भरून गेली होती. भूगोलाच्या सरांना हे आवडलं नव्हतं. नकाशा शाळेचा आहे आणि त्याला भोकं पडतात, अशी लेखी तक्रार त्यांनी माझ्याकडं दिली होती. ती मी फाइलला लावली. अजून तिथंच आहे.

प्रयोगशाळेचं म्हणाल, तर आमच्याकडं प्रयोगशाळा आहे, म्हणजे खोली आहे. तिच्या कपाटाची किल्ली ज्या सरांकडं होती ते कधीच निवृत्त झाले. म्हणून बाईंनी वर्गात एक पत्र्याची पेटी ठेवली होती. पोरांच्या बापांनी कंपनीतून टाकाऊ म्हणून आणलेल्या वस्तू तिच्यात पडायच्या. स्प्रिंगा, बेअरिंगं, मोडके गिअर, लोखंडाचा कुरळा कीस. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पेटीवर बोट ठेवून विचारलं, "वर्गात हे भंगार कशाला?" बाईंनी एका पोराला खूण केली. त्यानं खाली चार बेअरिंगांची चाकं बसवलेली एक फळी जमिनीवर ठेवली आणि साहेबांना फळीवर उभं राहायची विनंती केली. साहेब हौशी होते, उभे राहिले. पोरानं एका बोटानं ढकललं आणि साहेब थेट दारापर्यंत गेले. तपासणीचा शेरा चांगला आला. साहेबांचं पाऊल मुरगळलं ते वेगळं.

दर डिसेंबरात बाई आपल्या वर्गाला जवळच्या एका कंपनीत क्षेत्रभेटीला न्यायच्या. मोठी कंपनी नाही, गाड्यांचे सुटे भाग करणारी, शंभर-सव्वाशे माणसांची. तिथले सुपरवायझर जाधव बाईंच्या ओळखीचे. मी बरोबर असायचो, यादी आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन. बाईंचा नियम असा, की प्रत्येकानं एक तरी प्रश्न विचारायचाच. त्याशिवाय बिस्किटाचा पुडा मिळणार नाही. पहिल्या वर्षी पहिला हात वर झाला आणि पोरानं विचारलं, "इथं कामाला लागायला काय लागतं?" दुसऱ्यानं विचारलं, "दहावीवर घेता का?" तिसऱ्यानं, "ओव्हरटाइम असतो का?" जाधव हसून उत्तरं देत होते. बाईंचा चेहरा पडत गेला. परत येताना बसमध्ये त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रश्न चुकीचा नाही लेकरांनो. पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. तुम्ही त्याच्यापासूनच सुरू करायलात." पोरांना किती कळलं कोण जाणे. मला कळलं आणि बोचलं, कारण माझ्या दोन्ही पोरांनी दहावी होताच तोच प्रश्न पहिला विचारला होता.

मग एका वर्षी वैष्णवी आली.

जिंतूरकडची पोरगी. नोव्हेंबरच्या शेवटी नववीत आलेली, नंबर अडुसष्ट, म्हणजे पटावर शेवटची आणि बाईंच्या हजेरीत पहिली. बाप कंत्राटी ऑपरेटर, आई कामगारांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. पोरगी बोलायची नाही. क्षेत्रभेटीत सगळ्यांचे प्रश्न संपले, तरी ही एका मशिनपुढं खिळून उभी. आत लोखंडाचा दांडा कातला जात होता आणि त्यावर पांढरं पाणी पडत होतं.

बाई म्हणाल्या, "काय बघायलीस गं?"

"बाई, ते पाणी दुधासारखं कामून हाय?"

जाधवांनी डोकं खाजवलं. "ते कूलंट असतं गं. तसंच येतं ते." मग बाईंकडं वळून म्हणाले, "काय पोरगी आहे राव! वीस वर्षं झाली मला इथं, मला कधी विचारावंसं वाटलं नाही."

बाईंनाही उत्तर येत नव्हतं. वर्गापुढं त्यांनी ते कबूल केलं. दुसऱ्या दिवशी एक काचेची बाटली, गोडेतेल आणि धुण्याची पावडर घेऊन आल्या. बाटलीत पाणी आणि तेल घालून वैष्णवीला हलवायला लावलं. थोड्या वेळानं तेल वर आलं. मग पावडर टाकून पुन्हा हलवायला लावलं. बाटलीत दूध झालं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तेलाचे बारीक थेंब, त्यांवर विखुरणारा उजेड, पाणी गार का करतं, तेल घर्षण कसं कमी करतं, हे सगळं वैष्णवीनं फळ्यापाशी उभं राहून सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरोबर. बस खाली." मी दारातच होतो. बाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

त्या दिवसापासून बाईंना एकच ध्यास लागला. शाळेतून चार पोरं इंजिनिअर झाली होती, पण सगळी अ तुकडीतली, गावातल्या घरांतली. "भाऊसाहेब, ब तुकडीतली एक पोरगी तिथवर जाऊ द्या," त्या म्हणायच्या. "एकच. जास्त मागत नाही मी." दहावीचं वर्षभर वैष्णवी शाळा सुटल्यावर बाईंच्या घरी अभ्यासाला असायची. बाई तिला आपल्या डब्यातली भाजी द्यायच्या, प्रमेयं पाठ करून घ्यायच्या आणि कॉलेज कसं असतं ते सांगायच्या. ताथवड्याला डिप्लोमा करायचा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. पोरगी मान डोलवायची. माझ्याही मनात कुठंतरी पालवी फुटली होती, खोटं कशाला सांगू.

दहावीची परीक्षा संपली आणि वैष्णवीची आई शाळेत आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बाई, पोरीला गावाकडं न्यायचंय सुट्टीत. सासूबाई म्हणायल्या, पावणे बघून ठेवलेत."

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, तासभर समजावलं. ती नुसतंच "व्हय बाई" म्हणायची. शेवटी बाईंना एक युक्ती सुचली. पोरगी इथं कशात तरी गुंतलेली असली, तर गावाकडं न्यायचं कारण उरणार नाही. त्यांनी जाधवांना फोन लावला. सुट्टीचे तीन महिने पोरीला कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसवा, माप घ्यायला शिकेल, मशिनं जवळून बघेल. जाधव हो म्हणाले. आईलाही ते पटलं. चार पैसे येणार होते. बाई धावत माझ्याकडं आल्या. "भाऊसाहेब, लेटरहेडवर एक पत्र करून द्या."

मी पत्र टाइप केलं. सदर विद्यार्थिनी हुशार व होतकरू असून, वगैरे. सगळ्यांच्याच पत्रात आम्ही होतकरू लिहितो. या एका पत्रात तो शब्द मी मनापासून लिहिला.

पोरगी गावाला गेली नाही. निकाल लागला; शाळेत तिसरी. ब तुकडीचं नाव पहिल्यांदा शाळेच्या फलकावर लागलं. बाई तिला घेऊन दोन बस बदलून ताथवड्याला गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, प्रवेश घेऊन आल्या आणि सबंध शाळेला पेढे वाटले. मला दोन दिले. त्या दिवशी बाई शिक्षकखोलीत गाणं गुणगुणत होत्या, हे मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं.

पुढं दर रविवारी बाई तिला फोन करायच्या. सोमवारी मला बातमी मिळायची. "चालू आहे म्हणायली. प्रॅक्टिकलं सुरू झाली. परीक्षा आली." मी विचारायचो, "एवढ्या लांब रोज जाते का बसनं?" बाई म्हणायच्या, "जाते ना. तुमच्या-माझ्यासारखी आहे का ती?"

डिसेंबर आला. बाईंकडं नवी नववी होती. नेहमीप्रमाणं आम्ही त्याच कंपनीत गेलो. जमिनीवरच्या त्याच पिवळ्या पट्ट्यांमधून रांग चालली, तेच जाधव, तीच बिस्किटं. प्रश्न सुरू झाले. कामाला लागायला काय लागतं, हे तिघांनी विचारून झालं. मग एका बारक्या पोरानं मशिनकडं बोट दाखवलं. "सर, हे पांढरं पाणी कसलंय?"

जाधव खूश झाले. त्यांना वाटलं, ते बाईंना आनंदाचा धक्का देत आहेत. आजही त्या माणसाचा मला राग येत नाही. त्यांनी तोंडाभोवती हात धरून हाक मारली. "ए वैष्णवी! इकडं ये गं जरा. बघा बाई, तुमची पोरगी कसं सांगते ते!"

तपासणीच्या टेबलावरून एक पोरगी आली. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हातात मापाची पट्टी. बाईंना पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. मग मास्क खाली केला आणि समोरच्या पोरांकडं बघत सांगायला लागली. तेल पाण्यात नुसतं मिसळत नाही. त्यात साबणासारखं एक द्रव्य असतं. तेलाचे बारीक थेंब होतात, उजेड त्यांच्यावर विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. पाणी गार करतं, तेल घर्षण कमी करतं. एकही शब्द इकडचा तिकडं नाही. दोन वर्षांपूर्वी फळ्यापाशी जसं सांगितलं होतं, अगदी तसं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. आणि सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "बरोबर. बस खाली."

तिथं बसायला काही नव्हतं. त्या टेबलाला स्टूलच नसतं. शिफ्टभर उभ्यानं काम. पोरगी उभीच राहिली.

चहाच्या सुट्टीत ती गेटपाशी आली. बाईंकडं न बघता भराभरा बोलली. पहिले दोन महिने कॉलेजात गेले. मग पहिली बस चुकायची, दुसरी मिळायची नाही, प्रॅक्टिकल बुडायचं. सुट्टीतला पगार घरात यायला लागल्यावर आईनं मेस सोडली होती, तिची कंबर धरली होती. बापाचं कंत्राट संपलं. जाधव सर म्हणाले, टेबल रिकामंच आहे. "मी खोटं बोलले बाई फोनवर. तुमाला वाईट वाटंल म्हणून. पण पुढल्या वर्षी परत जानार हाय मी, खरंच."

बाईंनी तिची टोपी नीट केली. म्हणाल्या, "जा. उशीर होईल तुला."

बसमध्ये बाई माझ्या शेजारी बसल्या. पोरं गाणी म्हणत होती. चाकण चौकातल्या गर्दीत बस अर्धा तास अडकली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊसाहेब, दहा वर्षं मी लेकरांना शिकवायला म्हणून तिथं नेलं. गेट कुठंय, ते मीच दाखवलं त्यांना. हिला तर हात धरून आत सोडलं."

"बाई, तसं काही नसतं," मी म्हणालो. "गावाला गेली असती तर लग्न झालं असतं तिचं."

"ते मला कळतंय," बाई म्हणाल्या. "म्हणजे दोनच दारं होती. मी तिसरं आहे म्हणून सांगत होते."

पत्र मीच टाइप केलं होतं.

वैष्णवीचं पुढचं वर्ष आलं आणि गेलं. ती त्याच टेबलावर आहे. सकाळी शाळेत येताना कंपनीच्या बसच्या खिडकीत दिसते कधी कधी. हात करते, मीही करतो.

बाईंनी त्या क्षेत्रभेटीनंतरच्या मे महिन्यातच संस्थेच्या दापोडीच्या शाळेत बदली मागून घेतली. घराजवळ पडतं असं कारण अर्जात होतं. ते खरं नव्हतं, पण कारणाच्या रकान्यात आम्ही खरं कधी लिहितो? मी तेव्हा रजेवर होतो. परत आलो तर माझ्या टेबलावर पेचकस ठेवलेला होता, चिठ्ठी नाही काही नाही. खण अजून अडकतो आणि मी तो त्याच पेचकसानं उघडतो.

पण बाई म्हटलं की मला आठवतो तो त्याआधीचा जानेवारी. हिंगोलीकडून एक पोरगी नववीत आली होती, अंकिता आगळे. मी तिचं नाव तळाला जोडलं, नंबर एकाहत्तर, आणि तिला घेऊन ब तुकडीपाशी गेलो. जाताना तिला सांगितलंसुद्धा, की घाबरू नको, या बाई नव्या पोरीचं नाव सगळ्यात आधी घेतात, गाव विचारतील, टाचणी देतील. पोरगी ओठांत गावाच्या नदीचं नाव घोकत होती.

बाईंनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, नाव बघितलं. "मागं जागा असेल, बस," म्हणाल्या. मग पट उघडला आणि हजेरी सुरू केली. एक. दोन. तीन.

दहा वर्षं मी यासाठी भांडलो होतो. वरून खाली, नियमानं, अगदी माझ्या मनासारखं. मला तिथं उभं राहवेना आणि तिथून हलताही येईना. खरं सांगतो, त्या क्षणी मी देवाला म्हणालो, की यांना पुन्हा शेवटून घेऊ दे.

मागच्या बाकावर ती पोरगी टाचण्यांच्या नकाशाकडं मान वळवून बघत होती. सगळी नावं होत होत तिचा नंबर आला. बाईंनी तो उच्चारला, पट मिटला आणि खडू उचलला. पोरगी "हजर बाई" म्हणाली, तेव्हा बाई फळ्याकडं वळल्या होत्या.